एकेचाळीस दिवसांचे ताट

देवगाव रंगारीच्या पाटलीणबाई लक्ष्मीबाईंनी संवत छप्पनच्या दुष्काळात घरचे ज्वारीचे पेव उघडून गावाला दोन महिने आंबील पाजली. त्यांची सून साळूबाई हिने दारावरून जाणाऱ्या माणसाला कधी उपाशी पुढच्या गावची वाट धरू दिली नाही. गाडी थांबली नाही तर ती बैलांपुढे जाऊन उभी राही. साळूबाईंची सून सरूबाई हिने त्याच चुलीवर चाळीस वर्षे पंगती उठवल्या. अशा या तीन पिढ्यांत दुसऱ्याच्या अन्नाचे ऋण झाले ते एकदाच. सरूबाईंनी एकेचाळीस दिवस परक्या घरी अन्न खाल्ले, त्याची फेड त्यांच्या हातून झाली नाही, आणि ती सुनेच्या पदरात टाकून त्यांनी डोळे मिटले. ती सून म्हणजे द्वारकाबाई.

ऋण झाले ते असे. पोलीस ॲक्शनच्या आधीचा श्रावण होता. रझाकारांच्या धामधुमीत पाटलाच्या घरच्या माणसांनी गावात राहण्यात शहाणपण उरले नव्हते. द्वारकाबाई बाळंतपणासाठी करमाडला माहेरी गेल्या होत्या. सरूबाई आणि त्यांचे चिरंजीव, द्वारकाबाईंचे यजमान नानासाहेब, कडब्याच्या गाडीत बसून औरंगाबादेस आले आणि नवाबपुऱ्यात दाऊद कल्हईवाल्याच्या दारात उतरले. दाऊद दरवर्षी दिवाळीनंतर देवगावास येई, आठ दिवस पाटलांच्या लिंबाखाली भाता मांडी आणि गावभरच्या पितळेला कल्हई करी, एवढीच काय ती ओळख. त्याची बायको शमशादबी हिने दार उघडले, एकही प्रश्न विचारला नाही, आणि मायलेकरांना एकेचाळीस दिवस दोन्ही वेळ जेवू घातले. मग फौज आली, निजामाचे राज्य गेले, आणि भीती या घरातून उठून त्या घरात जाऊन बसली. त्यानंतरचे आठ दिवस नानासाहेब काठी घेऊन दाऊदच्या उंबऱ्यावर बसून राहिले. पण ते आठ दिवस सरूबाईंनी ऋणातून वजा करू दिले नाहीत. उंबरा राखणे हे माणसाचे कामच आहे. जेवण फिटते ते जेवणाने, असा त्यांचा निवाडा होता.

निघताना त्यांनी हातातली सोन्याची पाटली काढून शमशादबींपुढे धरली. शमशादबींनी ती त्यांच्याच हातात परत चढवली आणि विचारले, "ही काय खानावळ हाय का?"

"मग जेवण परत घ्यावं लागंल," सरूबाई म्हणाल्या. "एकेचाळीस दिवस, दोन्ही वखत. मी नाय तर माझी सून घालील."

"घाल की. मी कुठं पळाली?"

शमशादबी पळाल्या नाहीत, पण आल्याही नाहीत. एका वर्षी त्यांच्या मुलाचे, रहीमचे, लग्न निघाले, एका वर्षी दाऊद आजारी पडून अल्लाला प्यारा झाला, मग सून मुनिरा हिची बाळंतपणे. सज्जन माणसाला आमंत्रण लांबवण्यासाठी जितकी खरी कारणे मिळू शकतात, तितकी त्यांना मिळाली. इकडे सरूबाई दर दिवाळीला फराळाच्या ताटापुढे बसून त्या एकेचाळीस दिवसांचे वर्णन करीत. फिरनी, शेवया, केशरी भात, बदामाची खीर. एकेचाळीस दिवसांत एक पदार्थ म्हणून दुसऱ्यांदा ताटात आला नाही. हे वर्णन सुरू झाले की नानासाहेबांना नेमकी बैलांना वैरण टाकायची आठवण होई. पुढे सरूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांनी जमिनीचे किंवा दागिन्यांचे नाव काढले नाही. सुनेचा हात धरून त्या एवढेच म्हणाल्या, "शमशादचं जेवण तिच्या हयातीत फिटाया पाहिजे." द्वारकाबाईंनी शब्द दिला.

त्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे सन सदुसष्टला, द्वारकाबाईंचा मुलगा बन्सी पाटबंधारे खात्यात लागला आणि त्यांनी औरंगपुऱ्यात दोन खोल्या घेतल्या. नवाबपुरा तिथून पायी पंधरा मिनिटांवर. आता लांबवण्याजोगे काही राहिले नव्हते. दिवाळी आटोपताच द्वारकाबाईंनी जाहीर केले की सोमवारपासून सुरुवात. पहिल्या दिवशी गोड हवे म्हणून पुरणपोळी, कटाची आमटी, भात आणि वाटीभर तूप असा चार पुडांचा डबा भरून त्यांनी नानासाहेबांच्या हाती दिला. नानासाहेबांनी शमशादबींना काय चालते, हे आधी विचारावे, असे सुचवून पाहिले. द्वारकाबाईंनी पुरणपोळी कोणाला चालत नाही, असे उलट विचारले आणि दार उघडून धरले.

डबा दुपारी परत आला. पोळीचा एक तुकडा मोडलेला, बाकी सगळे जसेच्या तसे. आणि वरच्या पुडात मुनिराने स्वतःच्या हातची फिरनी घालून दिलेली.

यात मुनिराची काही चूक नव्हती. कोणाच्या घरून आलेले भांडे रिकामे परत करू नये, ही रीत नवाबपुऱ्यातही आहे आणि औरंगपुऱ्यातही. पण द्वारकाबाईंच्या हिशेबात त्यामुळे गोंधळ माजला. गेलेले जेवण खाल्लेच गेले नाही, म्हणजे ते फेडीत धरता येत नाही. आणि आलेली फिरनी नानासाहेबांनी जागेवर संपवली, म्हणजे ऋण एका वाटीने वाढले. दुसऱ्या दिवशी बासुंदी गेली, नानखटाई आली. तिसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी गेली, शीरखुर्मा आला. आठवडा झाला तेव्हा मूळ एकेचाळीस दिवसांपैकी एक वेळही फिटली नव्हती आणि नानासाहेबांच्या सदऱ्याचे पोटावरचे बटण लागेनासे झाले होते.

आठव्या दिवशी द्वारकाबाई स्वतः गेल्या. शमशादबी बाजेवर बसल्या होत्या. ज्या बांगड्या उतरवायला कधीकाळी साबण लागायचा, त्या हात धुताना कोपरापर्यंत सरकत होत्या. त्यांना साखरेचा आजार झाला होता. वीस वर्षे त्यांची नाडी पाहणारे शहागंजचे हकीमसाहेब त्यांना दही, चिंच आणि बटाट्या-रताळ्यासारखे कंद खाऊ देत नव्हते. बकरीचे दूध आणि यखनी, म्हणजे मटणाचे पातळ पाणी, घ्या म्हणत. रहीमने वरून एक डॉक्टर लावला होता. हुशार, तरुण, नुकताच शिकून आलेला. तो भात, गूळ, बटाटा आणि तूप यांवर काट मारून अंडी, टोमॅटो आणि दही खा म्हणत होता. हकीमसाहेबांचे म्हणणे, अंडे या मिजाजाला, म्हणजे या प्रकृतीला, विष. डॉक्टरचे म्हणणे, मिजाज म्हणून शरीरात काही नसते. दोघांचाही मान राखायचा म्हणून शमशादबींनी दोघांनीही मना केलेले सगळे सोडले होते, आणि बिनसाखरेच्या काळ्या चहावर दिवस काढीत होत्या.

द्वारकाबाईंना एकाच वेळी दोन गोष्टी दिसल्या. एक, ही बाई अशीच राहिली तर दिवाळी पुन्हा पाहणार नाही. आणि दोन, मग सासूबाईंना दिलेला शब्द या जन्मी पाळता येणार नाही.

दोघांत तंटा असला तर तिसरा पंच आणावा, ही पाटलाच्या घराची रीत. म्हणून द्वारकाबाईंनी पैठण गेटच्या वैद्यबुवांना घेऊन जाऊन शमशादबींपुढे बसवले. वैद्यबुवांनी जीभ पाहिली, डोळ्यांची पापणी ओढून पाहिली, आणि निकाल दिला की हकीम आणि डॉक्टर दोघेही चुकले. दही बंद, अंडी बंद, यखनी बंद, दूध कफकारक म्हणून तेही बंद. आणि टोमॅटोचा ग्रंथांत कुठेच उल्लेख नसल्यामुळे ते अन्न मानता येत नाही. दोन बाजूंचा तंटा आता तीन बाजूंचा झाला. मुनिराने चुलीजवळच्या भिंतीवर तिघांचे तीन कागद खिळ्याला लावले आणि त्या तिन्हींना संभाळून करता येईल असा स्वयंपाक शोधता शोधता ती एक दिवस चुलीपुढे रडायला बसली.

"खाला, तुम्ही काय खाता मग?" द्वारकाबाईंनी शमशादबींना विचारले.

"परवानगी," शमशादबी म्हणाल्या. "रोज तिघांची मागते. कोणी देत नाय."

त्या दिवशी घरी येऊन द्वारकाबाई ज्वारी निवडायला बसल्या. मग त्यांना आपल्या सासऱ्यांची शिवेच्या तंट्यात निवाडा करण्याची पद्धत आठवली. बांधावरून भांडणारे दोघे समोर आले की सासरे त्यांना बोलूच देत नसत. दोघांच्या हातात चुन्याची एकेक टोपली देत आणि सांगत, तुझं कुठवर ते सांगू नको. जी जमीन तुझी नाही हे तुलाही कबूल, तिच्या कडेने चुना टाकत जा. दोघे टाकत जात. शेवटी दोन्ही रेघांमध्ये जी पट्टी उरे ती एका बाजेएवढी असे, आणि तिच्यापायी दोन घरांत तीन वर्षे बोलणे बंद असे.

द्वारकाबाईंनी तिन्ही तज्ज्ञांना रविवारी सकाळी दहाला घरी बोलावले. प्रत्येकाला निरोप एकच होता, की बाकीचे दोघे आपले म्हणणे ऐकून घ्यायला येत आहेत. तिघेही पावणेदहालाच हजर झाले.

पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली होती आणि तीवर सत्तावीस वाट्या ओळीने मांडलेल्या होत्या. रहीमने आदल्याच दिवशी त्यांना कल्हई करून दिल्यामुळे त्या चांदीसारख्या चमकत होत्या. ज्वारी, गहू, तांदूळ, बाजरी, मूग, तूर, उडीद, भाज्यांचे तुकडे, दही, दूध, तूप, गूळ, एक अंडे, एक टोमॅटो, आणि नानासाहेबांनी नाक बाजूला करून आणलेली वाटीभर यखनीसुद्धा. द्वारकाबाई एका टोकाला पाटावर बसल्या. त्यांनी हकीमसाहेबांपुढे खजुराच्या बिया ठेवल्या, वैद्यबुवांपुढे चिंचोके, आणि डॉक्टरपुढे आपल्या शिवणाच्या डब्यातली सदऱ्याची बटणे. ज्या वाटीला आपली सक्त मनाई तीत एकेक टाकायचे. काम संपेपर्यंत तोंड उघडायचे नाही. ज्याने उघडले त्याची बटणे वा बिया जप्त.

वैद्यबुवांनी गंभीरपणे घसा खाकरला. द्वारकाबाईंनी त्यांच्या चिंचोक्यांकडे पाहिले. ते गप्प बसले.

तासभर खोलीत फक्त टकटक आवाज येत होता. गुळाच्या वाटीत तिन्ही पडले. दह्यात बी आणि चिंचोका पडला. तुपाकडे डॉक्टरने सरळ दोन बटणे फेकली, तेव्हा वैद्यबुवांचे ओठ हलले, पण चिंचोके वाचवण्यासाठी त्यांनी ते आवळून धरले. अंड्यावर बी आणि चिंचोका, तांदळावर बटण, उडदावर चिंचोका. टोमॅटोत वैद्यबुवांनी चिंचोका इतक्या जोरात मारला की तो टोमॅटोत रुतला. हकीमसाहेबांनी यखनीकडे प्रेमाने पाहिले आणि पुढच्या क्षणी तीत चिंचोका बुडाला.

काम संपले तेव्हा नऊ वाट्या रिकाम्या राहिल्या होत्या. म्हणजे अन्नाने भरलेल्या, पण कोणाची मनाई नसलेल्या. ज्वारी, मूग, मेथी, दुधी, दोडका, कारले, पडवळ, लसूण आणि आवळा.

तिघांनी त्या नऊ वाट्यांकडे पाहिले आणि तिघांचेही चेहरे उतरले. इतकी वर्षे एकमेकांशी न पटण्यावर प्रत्येकाने आपली प्रतिष्ठा उभी केली होती. ती नऊ ठिकाणी खचलेली डोळ्यांदेखत दिसत होती. हकीमसाहेब दुधीकडे संशयाने पाहू लागले. वैद्यबुवांना दुधी मान्य आहे म्हटल्यावर दुधीत काहीतरी खोट असली पाहिजे, असे त्यांच्या नजरेत होते. वैद्यबुवांनी हळूच एक चिंचोका उचलला आणि पडवळाच्या दिशेने हात नेला. द्वारकाबाईंनी पदर पसरून तिघांचे उरलेसुरले सगळे गोळा करून घेतले.

"आता नाय," त्या म्हणाल्या. "शीव पडली."

वैद्यबुवांनी सांगायचा प्रयत्न केला की त्यांनी मूग मान्य केला तो वेगळ्या हेतूने, डॉक्टरच्या हेतूशी त्याचा काहीएक संबंध नाही. डॉक्टरनेही लगेच त्याला दुजोरा दिला.

"हेतू तुमच्या पोटात ठेवा. मूग तिच्या पोटात जाऊ द्या."

मग त्यांनी एकेक प्रश्न टाकला आणि तिघांनी एकदमच उत्तर द्यायचे, असे बजावले. किती खावे, म्हणताच तिघेही म्हणाले, दोन घास भूक ठेवून. रात्री केव्हा, तर दिवे लागायच्या आत. जेवल्यावर काय, याला मात्र तीन उत्तरे आली. हकीमसाहेब म्हणाले चहलकदमी, वैद्यबुवा म्हणाले शतपावली, आणि डॉक्टर म्हणाला थोडे फिरून येणे. तिघे थांबले. आपण तिघांनी एकच गोष्ट सांगितली, हे त्यांच्या ध्यानात यायला एक क्षण लागला, आणि आल्यावर कोणीच कोणाकडे पाहिले नाही. डॉक्टरने गोळ्या चालूच ठेवाव्या लागतील, असे शेवटी बजावले. बाकी दोघांनी आश्चर्यकारकरीत्या मान हलवली. बहुधा थकले होते.

तज्ज्ञांचे एकमत झाले. आणि तेच पाहून द्वारकाबाईंची झोप उडाली.

नऊ वाट्यांतून ताट तयार होत होते ते असे: ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, पडवळाची भाजी, लसणाची चटणी, आवळ्याची फोड. असे ताट देवगावात त्या सालदारालाही वाढायला लाजल्या असत्या. सासूबाईंनी फिरनी आणि शेवया खाल्ल्या होत्या, केशरी भात खाल्ला होता. खीर घेतली आणि पडवळ परत केले, याला फेड म्हणायची कोणत्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नानासाहेबांना बरोबर घेऊन नवाबपुऱ्यात गेल्या. शमशादबींच्या बाजेपाशी खाली बसल्या आणि त्यांनी सगळे सांगून टाकले. म्हणाल्या, "माझ्या सासूला तुम्ही खीर-शेवया घातल्या, खाला. अन मी तुम्हाला पडवळ घालू? वर जाऊन त्यांना काय तोंड दाखवू?"

शमशादबींनी तोंडाला पदर लावला. आधी द्वारकाबाईंना वाटले की त्यांना वाईट वाटले. मग त्यांचे खांदे हलू लागले, मग खोकला लागला, आणि मुनिरा पाणी घेऊन धावली.

"शेवया कुणी खाल्ल्या?" दम आल्यावर त्या म्हणाल्या. "अठ्ठेचाळीसचा सावन होता, सूनबाई. बजारात तूप आलं तर लोक बघायला जायचे. ज्वारीची भाकर अन परसातल्या घोळीची भाजी. मूग मिळाले तर मूग. एकेचाळीस दिवस हेच. तुझ्या मालकाला विचार."

द्वारकाबाईंनी मान वळवून पाहिले. नानासाहेब दारात उभे राहून रस्त्याकडे बघत होते. नवाबपुऱ्यात वैरण टाकायला बैल नव्हते, त्यामुळे त्यांना कुठे जाता येईना.

"घोळ चांगली व्हती," ते म्हणाले.

"एकोणीस वर्षं बोलला नाय तुम्ही?"

"आई सांगत व्हती. मदी कसं बोलायचं?"

"नको रागावू त्याला," शमशादबी म्हणाल्या. "सरूनं माझी इज्जत वाढवली. घोळ खाल्ली अन खीर सांगितली. मी तरी कशाला मोडू?"

द्वारकाबाईंना हायसे वाटायला हवे होते. भाकरीच्या बदल्यात भाकरी, पाल्याच्या बदल्यात पाला, बरोबरीचे झाले. पण त्यांच्या मनाला ते पटेना. भाकरी आणि घोळीसाठी सरूबाईंनी मरताना सुनेचा हात धरला नसता. त्यांनी तसे स्पष्ट विचारले. शमशादबींनी मुनिराकडे पाहिले. मग मुनिराने सांगितले, जे तिने दाऊदच्या तोंडून पुष्कळदा ऐकले होते.

सरूबाई माळकरी होत्या. त्या आल्या त्याच दिवशी शमशादबींनी परसात नवी चूल घातली, दाऊदकडून कोऱ्या पितळी भांड्यांना कल्हई करून घेतली, आणि घरात गोश्त शिजवणे बंद केले. सरूबाईंनी तसे मागितले नव्हते, कोणी सुचवलेही नव्हते. रहीम तेव्हा बारा वर्षांचा होता, हट्ट करून रडायचा. दाऊदला राहवले नाही की तो भावाकडे जाऊन जेवून यायचा, आणि घरात पाऊल टाकण्याआधी नळावर तीनदा चूळ भरून मिशा धुवायचा. असे एकेचाळीस दिवस.

"तुझी सासू घास तोंडात घ्यायची," शमशादबी म्हणाल्या, "तेव्हा तिला वास आला असता तर उतरला नसता. उपाशी राहिली असती, पण बोलली नसती. मला दिसत होतं ते."

द्वारकाबाईंनी पदर सारखा केला. त्यांना कळले की आपण इतके दिवस ताट मोजत होतो. सरूबाईंवर ऋण होते ते त्या ताटामागच्या घराचे. चार पुडांच्या डब्यात घर मावत नाही.

त्या उठल्या आणि त्यांनी जे सांगितले ते विनंतीच्या सुरात नव्हते. उद्यापासून डबा बंद. शमशादबींनी दोन्ही वेळ औरंगपुऱ्यात यायचे, चालत. तिघा तज्ज्ञांनी चालायला सांगितले आहे, रिक्षा दिसली तर मी परत पाठवीन. आणि एकेचाळीस दिवस आपल्या घरात गूळ, साखर, तूप आणि भात शिरणार नाही. जे शमशादबींच्या ताटात, तेच घरातल्या प्रत्येकाच्या ताटात.

नानासाहेबांनी दाराची चौकट धरली.

हे सोपे नव्हते. द्वारकाबाई स्वतः दिवसातून चार वेळा गुळाचा चहा घेत, आणि तूप नसलेली भाकरी त्यांनी समज आल्यापासून खाल्ली नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांचे डोके दुखू लागले, पाचव्या दिवशी त्यांनी बन्सीला विनाकारण झापले. शेजारच्या बाईने सवयीने संक्रांतीआधीचा नवा गूळ आणून दिला, तो त्यांनी हातही न लावता दारातूनच परत केला, आणि शेजारीण महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. शेजारणीची आणखी एक तक्रार होती, नवाबपुऱ्याची बाई रोज आत स्वयंपाकघरात बसून जेवते, अशी. त्यावर द्वारकाबाईंनी तिलाही जेवायला बोलावले. ती आली नाही. पडवळ ऐकून आली नसावी.

नानासाहेब रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला गुलमंडीवर जाऊ लागले. परत येत तेव्हा मिशा ओल्या असत. द्वारकाबाई ते पाहत आणि काही बोलत नसत. त्या घरात दाऊदला जेवढी मुभा होती, तेवढी या घरात नवऱ्याला द्यावी लागणार होती.

शमशादबी पहिल्या दिवशी वाटेत चार ठिकाणी बसत आल्या. दहाव्या दिवशी दोन ठिकाणी. विसाव्या दिवशी त्या आल्या तेव्हा मुनिरा धापा टाकत मागून येत होती. त्याच सुमारास डॉक्टरने नळीत औषध टाकून लघवी तापवून पाहिली; जिचा रंग आधी विटेसारखा येत असे, तो हिरवट आला. डॉक्टरने हा गोळ्यांचा गुण म्हटला. हकीमसाहेबांनी नाडी पाहिली आणि बकरीचे दूध बंद करायची कल्पना मुळात आपलीच होती, असे रहीमला सांगितले. वैद्यबुवांनी जीभ पाहून शतपावलीला श्रेय दिले. तिघांनीही मुनिराला एकेकटे गाठून एकच गोष्ट सांगितली, की बाकीचे दोघे अखेर माझ्या म्हणण्यावर आले. मुनिराने तिघांनाही हो म्हटले आणि भिंतीवरचे तिन्ही कागद काढून चुलीत घातले.

पौषातल्या एका संध्याकाळी एकेचाळिसावा दिवस भरला. दिवे लागायला अजून अवकाश होता. द्वारकाबाईंनी स्वतः भाकरी थापल्या. भाजी आज घोळीची होती. थंडीत घोळ मिळत नाही. नानासाहेब तीन दिवस खाम नदीच्या काठाने मळे हिंडून, मळेवाल्यांच्या पाटाच्या ओलीवर उगवलेली मूठभर कशीबशी खुडून घेऊन आले होते. त्या नऊ वाट्यांत घोळ नव्हती, म्हणून द्वारकाबाईंनी सकाळीच तिन्ही तज्ज्ञांकडे माणूस पाठवून विचारून घेतले होते. तिघांनीही, अर्थातच वेगवेगळ्या हेतूने, होकार दिला.

शमशादबी पाटावर बसल्या. समोर द्वारकाबाई, बाजूला नानासाहेब, बन्सी, रहीम आणि मुनिरा. सगळ्यांची ताटे सारखी. शमशादबी सावकाश जेवत होत्या. अर्धी भाकरी झाली, भाजी संपली, आणि त्यांनी शेवटच्या तुकड्याने ताट स्वच्छ पुसून घेतले. दुसरी भाकरी घेऊन द्वारकाबाई पुढे झाल्या तेव्हा त्यांनी ताटावर आडवा हात धरला. दोन घासांची भूक ठेवायची होती.

द्वारकाबाईंनी तांब्या घेतला आणि त्यांच्या हातावर पाणी घातले. बांगड्या मनगटावरच राहिल्या.

"खाला," त्या म्हणाल्या, "फिटलं का? तोंडानं सांगा. त्यांना कळाया पाहिजे."

शमशादबींनी ओले हात पदराला पुसले. त्यांनी छताकडे पाहिले नाही, देवघराकडेही नाही; द्वारकाबाईंकडे पाहिले आणि सरूबाईंशी बोलावे तशा बोलल्या.

"सरू, तुझ्या सुनेनं घातलं. मी पोटभर जेवली. पुरं झालं, काय बाकी नाय."

द्वारकाबाईंनी तांब्या खाली ठेवला, वाकून शमशादबींचे पाय शिवले, आणि सरूबाईंचे एकेचाळीस दिवसांचे, दोन्ही वेळांचे जेवण त्या संध्याकाळी पूर्ण फिटले.